शेगडी, पाळणा आणि रातपाळी : कोळसाखाणीच्या वसाहतीतील बालआरोग्याविषयी काही

मागील हिवाळ्यातील प्रसंग आहे. सोनागिरीतील माझ्या दवाखान्यात सकाळी साडेआठच्या सुमारास एक आजी, त्यांची सून आणि सात महिन्यांची नात अशा तिघी आल्या. बाळाला पहाटेपासून तीन उलट्या झाल्या होत्या. ते अंगावर पीत नव्हते आणि हलवून जागे केले तरी पुन्हा मान टाकीत होते. ताप नाही, जुलाब नाहीत, टाळू बसलेला नाही. बोटाला लावलेले पल्स ऑक्सिमीटर अठ्ठ्याण्णव टक्के दाखवीत होते. सून कपाळ दाबून धरून बसली होती. तिला विचारले, ‘तुझेही डोके दुखते का?’ ती म्हणाली, ‘आज घरात सगळ्यांचंच दुखतंय.’

मी आजींकडे वळले. रात्री खोलीत काही पेटवले होते का, या प्रश्नाला त्यांनी कसलाही संकोच न करता उत्तर दिले. ‘हो तं. पन धूर पुरा भायेर जाऊ देल्ला होता, डाक्टरीनबाई. निखारे लाल झाल्यावरच शेगडी आत आनली. लेकराले थंडी लागू नये म्हनून दाराच्या फटीत पोतं बी खोसलं.’

बाळाला ताबडतोब प्राणवायू सुरू केला आणि पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविले. कार्बन मोनॉक्साइडची रक्तातील पातळी वाढलेली निघाली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी बाळ हसत घरी गेले. घरातील इतरांनाही प्राणवायू द्यावा लागला. आजोबांना मात्र मोठा धक्का बसला होता, आणि त्याचे कारण वेगळे होते. ते पेंच खोऱ्यातील कोळसाखाणीतून मायनिंग सरदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. जिच्या पोटात वायूची तपासणी केल्यावाचून एकाही मजुराला पाऊल टाकू द्यायचे नाही, अशा खाणीत त्यांनी उभी हयात घालविली होती. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीच्या उशाशी, तोच वायू रात्रभर साठत राहिला.

या कुटुंबाच्या निमित्ताने मला माझी खाणभागातील दोन वर्षे पुन्हा आठवली. एम. डी. झाल्यानंतर, १९९८ ते २०००, मी परासियाच्या परिसरात एका खाण-दवाखान्यात काम केले. त्या काळात आणि पुढे भोपाळला स्थायिक झाल्यावर तिकडून येणाऱ्या रुग्णांकडून जे शिकले, ते व्यवसायबंधूंसमोर ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. एक गोष्ट माझ्या अनुभवात पक्की बसली आहे. खाणीचे कष्ट मुलापर्यंत पोहोचतात ते बहुधा कुणाच्या निष्काळजीपणातून नव्हे, तर मायेच्या हातून. म्हणूनच ते डॉक्टरच्या नजरेतून सुटतात, आणि म्हणूनच रागावून ते दूर होत नाहीत.

भोपाळकरांना पंचव्हॅली गाडी परिचित आहे. इटारसी, बैतूल, आमला मागे टाकून ती जुन्नारदेव-परासियाकडे वळते, तेथपासून कोळशाचा मुलूख सुरू होतो. छिंदवाडा जिल्ह्यातील पेंच आणि कन्हान ही खोरी, आणि अलीकडे बैतूल जिल्ह्यातील पाथाखेडा-सारणी. विसाव्या शतकाच्या आरंभीच बडकुहीच्या बाजूस खाणकाम सुरू झाले. त्या वेळी हा सारा प्रदेश मध्य प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याची, वऱ्हाडातली, नागपूरकडची मराठी माणसे गोंड आणि गोरखपुरी मजुरांच्या खांद्याला खांदा लावून तेथे कामाला लागली. या ओळींतल्या मुलांची भाषा ऐकली तर एका वाक्यात हिंदी, मराठी आणि गोंडी तिन्ही सापडत. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. आता या भागातील कित्येक जुन्या भूमिगत खाणी बंद पडल्या आहेत आणि त्यांवर वाढलेली कुटुंबे भोपाळ, नागपूर, इंदूरकडे पांगली आहेत. आपल्या दवाखान्यात बसलेला एखादा सुरक्षारक्षक किंवा निवृत्त आजोबा तिकडचाच असू शकतो, आणि विचारल्याशिवाय तो ते सांगत नाही.

खाणीतील दांपत्यजीवनाचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. आरंभीच्या काळात भारतीय कोळसाखाणीत नवरा-बायकोची जोडी हेच कामाचे एकक असे. पती कोळसा तोडी, पत्नी तो टोपलीत भरून गाडीपर्यंत वाही. मजुरी दोघांची मिळून होई. जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावर १९२९ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने निर्बंध आले आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी झाली. बंदी योग्यच होती. परंतु तिने घरातील एक मजुरी काढून घेतली, आणि तिच्या जागी पतीची मजुरी मात्र वाढली नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठविण्यात आली, आणि तीही प्रथम आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडील खाणीत उतरले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या प्रश्नावर सरकारवर टीका झाली, तेव्हा त्यांनी हा आणीबाणीचा आणि तात्पुरता उपाय असल्याचे सांगितले, आणि या कामात स्त्री-पुरुषांना समान वेतनाचे तत्त्व लागू केल्याकडे सभागृहाचे लक्ष वेधले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये स्त्रीची लेखी संमती आणि काही अटी यांवर ती शिथिल करण्यात आली.

वर उल्लेखिलेल्या आजींच्या सासूबाई युद्धकाळात अशाच पतीबरोबर खाली उतरत असत. आजींनी त्यांच्याकडून ऐकलेली हकीकत मला सांगितली. तान्हे मूल घरी एखाद्या म्हातारीजवळ ठेवायचे, आणि आई परत येईपर्यंत ते रडू नये म्हणून त्याला अफूचा खसखशीएवढा कण चाटवायचा. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया आपल्या बाळांना अफूच्या गोळ्या देतात, याची नोंद १९२९ ते १९३१ या काळातील शाही मजूर आयोगापुढे आली होती. वैद्यक शिकताना आपण ही गोष्ट ‘अज्ञान’ या सदराखाली वाचतो. आजींनी ती वेगळ्या शब्दांत सांगितली : ‘रडून रडून लेकराचा गळा सुकन, त्याच्यापक्षा निजलेलं बरं, असं वाटे तिले.’ अफूने श्वास मंदावतो, मूल दूध कमी ओढते, त्याला बद्धकोष्ठ होतो, वाढ खुंटते. हे आपल्याला ठाऊक. आईला ठाऊक होते ते इतकेच, की ती आठ-दहा तास येणार नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

पुढे खाणींत पाळणाघराचे नियम झाले. जेथे स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवे, असे १९६६ च्या नियमांनी ठरविले. मी पाहिलेली पाळणाघरे बरी-वाईट दोन्ही होती. पण तोपर्यंत खाणीत स्त्रियाच थोड्या उरल्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांतील अनेक जणी विधवा होत्या. येथे खाणजीवनातील एक तरतूद सांगितली पाहिजे. कामगाराचा मृत्यू झाला तर वेतनकरारानुसार त्याच्या एका अवलंबिताला नोकरी मिळे. पत्नीला नोकरी किंवा दरमहा ठराविक रक्कम यांतून निवड करता येई. मुलगा पुरेसा मोठा असेल तर तो सज्ञान होईपर्यंत त्याचे नाव राखून ठेवण्याचीही सोय होती. मूल तान्हे असेल तर हा तिसरा मार्ग बंदच.

माझ्याकडे अशी एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी येई. छत कोसळून पती गेला तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते. तिने नोकरी घेतली. दिराने ती आपल्या नावे मागू नये म्हणून लगेच घेतली. पृष्ठभागावरचे काम होते. पाळी सकाळी सहाची. महिनाभरात बाळाचे वजन उतरू लागले, कारण पहाटेपासून दुपारपर्यंत त्याला बाटलीतून दूध मिळे आणि त्यात दुधापेक्षा पाणी अधिक असे. मी तिला बाटलीवरून चांगलेच फैलावर घेतले. ती ऐकून घेई आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक दिवस बरोबर आलेल्या शेजारणीने मला बाजूला घेऊन सांगितले, की दूध कुणी पातळ करीत नाही, दूधच तेवढे असते. पगारातून पतीने घेतलेले कर्ज वळते होत आहे. त्या दिवसापासून आम्ही दूध काढून वाटीत ठेवून चमच्याने पाजण्याचा मार्ग धरला. स्वच्छ झाकलेल्या वाटीत काढलेले आईचे दूध सामान्य तापमानाला चार तास चांगले टिकते, ही साधी माहिती तिला पहिल्याच भेटीत द्यायला हवी होती. मूल सावरले. मी बाटलीविषयी बोलत राहिले असते तर सावरले नसते.

आता शेगडीकडे येते. हा भाग थोडा विस्ताराने लिहिते, कारण भोपाळच्या हिवाळ्यातही तो दरवर्षी उपयोगी पडतो.

खाणवसाहतीत कोळसा ही घरची वस्तू. कामगाराला घरगुती वापरासाठी कोळसा मिळे. जे मिळे त्याखेरीज ढिगाऱ्यावरून वेचलेलाही असे. पुढे घरोघर गॅस आला, स्वयंपाक त्यावर होऊ लागला, पण शेगडी गेली नाही. सातपुड्याच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच असते. दुपारी रातपाळीचा बाप झोपलेला, रात्री खोली एकच, पलंग एक, आणि पाळणा पलंगाला लागून. बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायचा, ही आपल्या सर्वांचीच रीत. प्रत्येक घरातली सुजाण स्त्री शेगडी अंगणात पेटवी, धूर निघून जाईपर्यंत वारा घाली, आणि निखारे फुलले की मग आत आणी. धूर वाईट हे तिला कळत होते. तिने धुराची काळजी घेतली होती.

नेमके येथेच विज्ञान आपल्या सहज समजुतीच्या विरुद्ध जाते. पांढरा-पिवळा धूर निघतो तो कोळशातील बाष्पनशील पदार्थांचा. तो डोळ्यांना चुरचुरतो, खोकला आणतो आणि म्हणून माणसाला सावध करतो. तो निघून गेल्यावर उरलेला लाल निखारा दिसायला शांत असतो, परंतु अपुऱ्या हवेत जळणारा हा कार्बनच मोनॉक्साइड तयार करतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद, चयापचयाचा वेग अधिक. त्यामुळे त्याच खोलीत, त्याच हवेत, सर्वांत आधी तेच बाधित होते. गर्भवती आईच्या बाबतीत तर गर्भातील पातळी आईपेक्षा वर चढते आणि उतरायला अधिक वेळ घेते. आई बरी दिसली तरी तिच्या पोटातले मूल बरे आहे असे समजू नये.

ही गोष्ट खाणीतल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीच माहीत होती. स्फोटानंतर खाणीत उरणाऱ्या विषारी हवेचा अभ्यास करणाऱ्या जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान, जलद श्वास घेणारा प्राणी बरोबर नेण्याची सूचना केली. माणसाला बाधा होण्यापूर्वी तो कोसळतो आणि इशारा मिळतो. त्यातून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा आली. ब्रिटनमधील खाणींतून ती १९८६ मध्ये बंद झाली आणि पक्ष्याची जागा यंत्राने घेतली. मी हे आजोबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. बंद खोलीत पाळण्यातले मूल त्या पक्ष्याच्या जागी असते, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

निदान का चुकते, हेही सांगते, कारण ते माझ्याच हातून चुकले आहे. १९९८ च्या डिसेंबरात, एका रात्री नऊच्या सुमारास दहा महिन्यांचे मूल उलट्या होतात म्हणून आणले गेले. मी पोट पाहिले, टाळू पाहिला, विषाणूजन्य उलट्यांचे निदान केले, जलसंजीवनीची पुडी दिली, आणि आईला ताकीद दिली की थंडी फार आहे, बाळाला नीट ऊब दे. त्या शब्दांची आठवण अजून टोचते. तिने ऊब दिली. पहाटे पाचला मूल बेशुद्ध अवस्थेत परत आले. आईला धरून आणावे लागले. दवाखान्यात प्राणवायूची नळकांडी होती, पण मोठा मास्क होता, लहान नव्हता. मूल वाचले. परंतु तीन आठवड्यांनंतर त्याच्या हातापायांत ताठरपणा दिसू लागला, आणि बसू लागलेले मूल पुन्हा बसेनासे झाले. असे उशिरा उमटणारे मज्जासंस्थेचे परिणाम पुस्तकात वाचले होते, पाहिले नव्हते. ते पुढे चालले, पण सव्वादोन वर्षांचे झाल्यावर. त्या आईने मला एकदाही दोष दिला नाही. उलट दर संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवी. त्या वड्या खाणे मला जमत नसे.

त्या रात्री दोन प्रश्न विचारायला हवे होते : घरात आणखी कुणाचे डोके दुखते का, आणि खोलीत काय जळते आहे. ताप आणि जुलाब नसलेल्या उलट्या, हिवाळा, एकाच घरात एकापेक्षा अधिक आजारी माणसे, बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे; या खुणा असतील तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत कार्बन मोनॉक्साइड गृहीत धरावे. पुस्तकातील लालबुंद त्वचेची वाट पाहू नये, ती क्वचितच दिसते. साध्या पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले भासते. धमनीरक्तातील प्राणवायूचा दाबही सामान्य निघतो. खात्री होते ती को-ऑक्सिमेट्रीने, पण तिच्यासाठी उपचार थांबवू नयेत, कारण प्राणवायू नसलेल्या प्रत्येक तासाला किंमत आहे. साध्या हवेत रक्तातील ही पातळी निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. साठवणपिशवीच्या मास्कने पूर्ण प्राणवायू दिल्यास तोच काळ साधारण सव्वा ते दीड तासावर येतो. उशिरा पोहोचलेल्या मुलात पातळी कमी निघाली म्हणून आजार सौम्य होता, असा निष्कर्ष काढू नये. आणि बरे झालेल्या मुलाला महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलवावे.

येथे एक अवांतर. भोपाळमध्ये ‘गॅस’ हा शब्द उच्चारताच सर्वांना डिसेंबर १९८४ आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. त्यामुळे मी एखाद्या कुटुंबाला ‘तुमच्या खोलीत गॅस झाला होता’ असे सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात आणि ते कारखाना शोधू लागतात. त्या रात्रीच्या वायूने डोळे जाळले, माणसे रस्त्यावर धावली. शेगडीचा वायू झोपवतो. म्हणून मी आता ‘गॅस’ म्हणत नाही, ‘निखाऱ्याचे विष’ म्हणते.

जळणाच्या धुराने बालन्यूमोनिया वाढतो, हे आपण सर्वच शिकवतो. परंतु स्वयंपाकाचा गॅस दिला की न्यूमोनिया कमी होईल, हे गणित वाटते तितके सरळ नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकूड-गोवऱ्यांऐवजी गॅस वापरणाऱ्या घरांतील अर्भकांत गंभीर न्यूमोनियाचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले नाही. मला यात फारसे आश्चर्य वाटले नाही. खाणवसाहतीतही चूल बदलली, पण खोलीतली गर्दी, शेजारच्या अंगणातील धूर, बापाच्या कपड्यांतली धूळ आणि हिवाळ्यातली शेगडी जागच्या जागी राहिली. म्हणून गॅस नको असे मुळीच नाही. गॅस आला म्हणून चौकशी थांबवू नये, एवढेच.

अफूपासून सुरू झालेली ही कहाणी २०२५ मध्ये परासियालाच एका अत्यंत दुःखद ठिकाणी पोहोचली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया आणि आसपासच्या भागातील वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होती, आणि कित्येकांनी उपचारासाठी नागपूरला नेल्यावर तेथे प्राण सोडला. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या कोल्ड्रिफ या पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यात त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हे विष वैद्यकाला नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधाने शंभरावर बळी घेतले होते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात पुन्हा तेच झाले. दोष कुणाचा, हे न्यायालये ठरवतील. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला बोचते ते वेगळेच आहे. ज्या खोकल्याला बहुधा औषधच लागत नाही, त्यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाटली लिहून देत आलो आणि आयांना बाटलीची सवय लावली.

ही सवय खाणीच्या वसाहतीत का रुजते, हेही मी पाहिले आहे. रातपाळी करून आलेल्या बापाला दिवसा झोप मिळाली नाही, तर तो दुसऱ्या रात्री पेंगत खाली उतरतो, आणि खाली पेंगणे म्हणजे काय हे त्याच्या बायकोला पुरते ठाऊक असते. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसून साठाहून अधिक माणसे बुडाली, त्या गावांत ती आठवण घरोघर आहे. ६ मार्च २०२५ रोजी पाथाखेड्याच्या छतरपूर-१ या खाणीत छत कोसळून तिघे गेले. म्हणून ती बाई खोकणाऱ्या, किरकिरणाऱ्या मुलाला दुपारी कडेवर घेऊन बाहेर फिरते, शेजारी नेते, आणि काहीच जमले नाही तर गुंगी आणणाऱ्या औषधाचा अर्धा चमचा अधिक देते. मुलाच्या खोकल्यासाठी नव्हे, नवऱ्याच्या झोपेसाठी. आणि नवऱ्याची झोप ही मुलाच्याच पोटासाठी. तिला ‘औषध का दिलेस’ असे विचारले तर ती ‘खोकला होता’ असेच सांगणार. तिला विचारायचे ते, ‘घरी कुणाची कोणती पाळी आहे? दिवसा कोण झोपते?’

मी आता खाणभागातून, किंवा पाळ्यांत काम करणाऱ्या कोणत्याही घरातून आलेल्या मुलाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी टिपून ठेवते : पाळी, जळण, आणि घरात असलेल्या औषधाच्या बाटल्या. बाटल्या पुढच्या भेटीत घेऊन यायला सांगते. पाच वर्षांखालील मुलाला सर्दी-खोकल्याची मिश्रणे लिहीत नाही. वर्षावरील मुलाला मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पाणी आणि दूध. वर्षाखालील मुलाला मधही नाही. ताप उतरल्यावर मूल मलूल झाले किंवा बारा तासांत लघवी झाली नाही तर रात्री कितीही वाजता या, हे मात्र प्रत्येक आईला स्वतः सांगते. ते काम कंपाउंडरवर सोपवीत नाही. उबेसाठी काय करायचे, हेही सांगावेच लागते. ‘शेगडी नको’ एवढेच म्हटले तर ती आमच्यासमोर मान डोलावते आणि रात्री पोते पुन्हा फटीत जाते. झोपण्यापूर्वी खोली तापवून शेगडी अंगणात ठेवा, तापवतानाही खिडकी उघडी राहू द्या, टोपी-मोजे घाला, बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून वरून गोधडी घ्या. आईच्या अंगाची ऊब शेगडीपेक्षा अधिक एकसारखी असते आणि तिला कोळसा लागत नाही, असे म्हटले की आज्या हसतात, आणि बहुधा ऐकतात.

दहा दिवसांनी त्या आजी-आजोबा नातीला घेऊन पुन्हा आले. मूल व्यवस्थित होते. डोके धरीत होते, रांगण्याची खटपट चालू होती. महिन्याने पुन्हा यायचे, असे मी लिहून दिले. आजी उठल्या, पण आजोबा बसूनच राहिले. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर त्यांनी आपल्या खोलीची आकृती काढली होती. दार, खिडकी, पलंग, पाळणा, आणि हवा कुठून आत येते व कुठून बाहेर जाते ते बाणांनी दाखविलेले, खाणीच्या नकाशात दाखवतात तसे. खिडकीच्या वरच्या तावदानाची काच त्यांनी काढून टाकली होती. ते बरोबर आहे का, हे त्यांना विचारायचे होते. मी बरोबर आहे म्हटले. मग ते म्हणाले, ‘खालच्या खोलीत एक चौकीदार भाड्यानं राह्यते. त्याचं लेकरू दोन महिन्याचं हाय, अन् रातच्याले ते बी निखारे आत नेतेत. त्यायले सांगू का?’

मी म्हटले, ‘घरी पोहोचल्याबरोबर सांगा.’ ते लगेच उठले.